मोठी दुर्बीण घरी बनवताय? आरशाआधी डोळ्याची उंची मोजा

घरी दुर्बीण बनवतेय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" दुसरा येतो, "किती खर्च?" मला आजवर कुणीही विचारलं नाही की, "डोळा कुठे लावायचा?" खरं सांगायचं तर मीसुद्धा स्वतःला हा प्रश्न विचारला नव्हता. सात महिने शनिवार-रविवार काच घासून १६ इंची आरसा तयार केला, आणि दुर्बीण उभी राहिल्यावर लक्षात आलं की घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात आधी आकाश दाखवायचं होतं, तिचा डोळा नेत्रिकेपर्यंत पोहोचतच नाही.

या लेखात मोठी दुर्बीण आरामात वापरता येईल अशी कशी आखायची, ते बघू. गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही.

डॉब्सोनियन म्हणजे नक्की काय?

घरी बनवलेली मोठी दुर्बीण बहुतेक वेळा डॉब्सोनियन असते. आतली रचना न्यूटनची: नळीच्या तळाशी मोठा अंतर्गोल आरसा, वरच्या टोकाशी ४५ अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा आणि नळीच्या बाजूला नेत्रिका, म्हणजे आयपीस. आपण नळीच्या मागून नाही, तर वरच्या टोकाजवळ बाजूने बघतो. आजच्या लेखातलं सगळं दुखणं इथेच आहे.

खालचा लाकडी खोका ही जॉन डॉब्सन यांची देणगी. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेले डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात २३ वर्षं संन्यासी म्हणून राहिले. मिळेल त्या काचेपासून आरसे आणि प्लायवूडपासून खोके बनवायचे आणि रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवायचा, हा त्यांचा उद्योग. दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, घर्षणामुळे हव्या त्या जागी थांबते. मोटर नाही, गिअर नाही. सनमाईकावर टेफ्लॉनचे तुकडे सरकतात, एवढंच तंत्र. त्यामुळे मोठा आरसा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

पुण्याला मोठ्या आरशाचं अप्रूप जुनं आहे. १८८८ मध्ये इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेव्हा त्यासाठी संस्थानिकाचा आधार लागत होता. आज तेवढ्या आकाराची दुर्बीण हौशी माणूस पार्किंगमध्ये बनवू शकतो.

नेत्रिकेची उंची: एक बेरीज, एक वजाबाकी

आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, भागिले आरशाचा व्यास = एफ-रेशो. ४० सेंमी व्यासाच्या आरशाचं नाभीय अंतर २०० सेंमी असेल तर तो एफ/५.

दुर्बीण थेट डोक्यावर रोखलेली असताना नेत्रिका सगळ्यात उंच असते. ती उंची अशी काढा:

नेत्रिकेची उंची = नाभीय अंतर − छोट्या आरशापासून नेत्रिकेपर्यंतचं अंतर + मोठ्या आरशाची जमिनीपासूनची उंची

वजा करायचं अंतर ढोबळमानाने आरशाची त्रिज्या अधिक १० सेंमी धरा. आरशाची जमिनीपासूनची उंची साधारण २० ते २५ सेंमी येते. या हिशोबाने:

- ८ इंची, एफ/६: १२२ सेंमी
- १२ इंची, एफ/५: १४७ सेंमी
- १२ इंची, एफ/४.५: १३२ सेंमी
- १६ इंची, एफ/५: १९६ सेंमी
- १६ इंची, एफ/४: १५६ सेंमी
- २० इंची, एफ/५: २४४ सेंमी
- २० इंची, एफ/४: १९३ सेंमी
- २० इंची, एफ/३.३: १५८ सेंमी

आता स्वतःची उंची घ्या आणि त्यातून ११ सेंमी वजा करा. उभं असताना तुमचा डोळा साधारण तिथे असतो. माझी उंची १६३, म्हणजे डोळा १५२ वर. माझ्या १६ इंची एफ/५ ला डोळा लावायचा तर मला ४४ सेंमी वर चढायला हवं. स्टुलाच्या दोन पायऱ्या, त्याही काळोखात.

हे गणित मी आरसा घासायला घेण्याआधी पाच मिनिटांत करू शकले असते. एफ-रेशो घासतानाच ठरतो. आरसा चकचकीत झाल्यावर तो बदलायचा म्हणजे परत पहिल्यापासून घासणं आलं.

"पण डोक्यावर कोण बघतं?" पुण्यात बघावं लागतं

युरोपातल्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांत ग्रह आकाशात मध्यावर किंवा खाली असतात. आपलं तसं नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. सूर्य आणि ग्रह ज्या पट्ट्यात फिरतात तो पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. म्हणजे गुरू वृषभ किंवा मिथुन राशीत असला की मध्यरात्री जवळजवळ आपल्या डोक्यावर येतो. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका, दोन्ही इथून ६६-६७ अंशांपर्यंत चढतात. वस्तू जितकी वर, तितकी मधली हवा कमी आणि चित्र स्थिर. त्यामुळे आपल्याकडे उत्तम दृश्याची वेळ आणि नेत्रिका सगळ्यात उंच असण्याची वेळ एकच असते.

उलट ध्रुवतारा आपल्याला फक्त साडेअठरा अंशांवर दिसतो आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २४ अंशांच्या वर चढत नाही. या वस्तूंसाठी नेत्रिका बरीच खाली येते. म्हणून सगळ्यात वरची उंची कळली की काम संपत नाही. पूर्ण पल्ला काढावा लागतो.

उभं राहायचं की बसायचं?

थोडा वेळ चंद्र बघायला उभं राहणं चालतं. पण अंधूक दीर्घिका बघताना डोळ्याला सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि बारकावे हळूहळू उलगडतात. मान वाकडी असेल, एक पाय हवेत असेल, तर शरीर थरथरतं, आपण दोन मिनिटांत "हो, दिसलं" म्हणून बाजूला होतो. माझा अनुभव असा की १६ इंचीवर वाकून जे दिसलं नाही, ते पुढे १२ इंचीवर शांत बसून दिसलं.

बसून बघायचं तर हे दुसरं सूत्र वापरा:

नेत्रिकेची उंची = फिरण्याच्या आसाची उंची + (आसापासून नेत्रिकेचं अंतर × उन्नतांशाचा साइन)

उन्नतांश म्हणजे वस्तू क्षितिजापासून किती अंश वर आहे ते. माझ्या १६ इंचीचा आस जमिनीपासून ६५ सेंमीवर, तिथून नेत्रिका १३१ सेंमी दूर. ३० अंशांवर नेत्रिका १३० सेंमीला येते, ४५ अंशांवर १५८ ला, ९० अंशांवर १९६ ला. पल्ला ६६ सेंमीचा. एवढी वर-खाली होणारी खुर्ची बनवणं अवघड, आणि वरच्या टोकाला ती खुर्ची राहत नाही, मचाण होतं.

१२ इंची एफ/४.५ चा आस ५२ वर, नेत्रिका तिथून ८० सेंमी दूर. ३० अंशांवर ९२, डोक्यावर १३२. पल्ला फक्त ४० सेंमी. बसल्यावर माझा डोळा बैठकीपासून ७२ सेंमी वर असतो. म्हणजे मला २० ते ६० सेंमी अशी बैठक हवी. २० सेंमी म्हणजे जवळजवळ पाटावर बसणं, तेही सोयीचं नाही. नेत्रिका फार खाली असणं हीसुद्धा चूकच. म्हणून मी खाली १२ सेंमी उंचीचा, सुटा होणारा लाकडी चौरंग केला. आता बैठक ३२ ते ७२ मध्ये लागते. फळीची बैठक खाचांमध्ये वर-खाली अडकवता येईल अशी घडीची खुर्ची सुताराकडून करून घेता येते. बसताना मागे तोल जाणार नाही एवढी ती रुंद असू द्या.

मग एफ-रेशो कमीच ठेवू की!

ठेवा, पण किंमत माहीत असू द्या.

पहिली किंमत म्हणजे कोमा. अन्वस्ताकार आरशात चित्राच्या मध्यभागी तारे टोकदार दिसतात, कडेला त्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते. स्वच्छ मधला भाग एफ-रेशोच्या घनाप्रमाणे कमी होतो. एफ/५ ला तो साधारण पावणेतीन मिमी व्यासाचा, एफ/४ ला जेमतेम दीड मिमी. त्यावर कोमा करेक्टर नावाची भिंगं मिळतात, पण ती महाग असतात.

दुसरी किंमत जुळवणीची. दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, म्हणजे कॉलिमेशन, तितकंच नाजूक होतं. एफ/६ ला थोडं हललं तरी चालतं, एफ/४ ला दर रात्री आणि दर प्रवासानंतर जुळवावं लागतं.

तिसरी किंमत घासण्याची. ४० सेंमी एफ/४ आरशाच्या मध्याशी खोली सव्वासहा मिमी लागते, एफ/५ ला पाच. हा फरक कार्बोरंडमने भरून काढता येतो. खरी कसोटी गोलाकारातून अन्वस्ताकार करताना. तिथे सगळा खेळ मायक्रॉनचा, आणि एफ-रेशो कमी झाला की तो झपाट्याने अवघड होतो. पहिलाच आरसा असेल तर एफ/५ च्या खाली जाऊ नका. पहिल्या आरशाचा आकार ६ किंवा ८ इंचच ठेवा. मी हे ऐकलं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला असा: पायात बळ आहे म्हणून एफ-रेशो वाढवू नका आणि फॅशन म्हणून कमी करू नका. आधी नेत्रिकेची कमाल उंची ठरवा, मग आपल्याला झेपेल तो एफ-रेशो घ्या. या दोघांतून आरशाचा व्यास आपोआप निघतो. बहुतेक लोक व्यासापासून सुरुवात करतात आणि शिडीपाशी पोहोचतात.

उंचीशिवायच्या पाच गोष्टी

१. फोकसर कुठल्या बाजूला? तो आडव्या आसाच्या दिशेने बसवला तर दुर्बीण कुठेही वळली तरी तुम्ही समोर सरळ बघता. थोडा वर कललेला असला तर मान किंचित खाली जाते, वाचताना असते तशी. बऱ्याच जणांना ते जास्त आवडतं.

२. शोधक दुर्बीण. सरळ बघायचा फाइंडर डोक्यावरच्या वस्तूसाठी मान मोडतो. काटकोनी फाइंडर घ्या, आणि तो नेत्रिकेपासून एका हाताच्या आत लावा.

३. घर्षण. बोटाने ढकलली की हलावी, सोडली की तिथेच थांबावी. दोन्ही दिशांना लागणारा जोर सारखा हवा. बाजूच्या अर्धगोल चकत्या जितक्या मोठ्या, तितकी हालचाल गुळगुळीत. सनमाईका बारीक खडबडीत घ्या, आरशासारखा गुळगुळीत नको.

४. तोल. जड नेत्रिका लावली की नळी पुढे झुकते. नळीचा गुरुत्वमध्य आसावर यायला हवा. वर वाचवलेले १०० ग्रॅम खाली कित्येक पट वजन वाचवतात.

५. उचलणं. आरामात बघणं हे घरातून गच्चीवर नेण्यापासून सुरू होतं. १६ इंची, ५ सेंमी जाड बोरोसिलिकेट आरसा एकटाच १४ किलोचा, १२ इंची आठ किलोचा. चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल, तर हा आकडा नीट वाचा.

प्लायवूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, नटबोल्ट आणि ॲल्युमिनियमचे पाइप रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या बाजूला असं माझं सामान जमलं. प्लाय १८ मिमीचा घ्या.

जुन्या लोकांची दुखणी

हे दुखणं नवं नाही. विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये ४० फुटी नळीची, ४८ इंची आरशाची दुर्बीण पूर्ण केली. ती वापरायला इतकी अवजड होती की ते बहुतेक काम आपल्या जुन्या २० फुटी दुर्बिणीवरच करत राहिले. त्यांची बहीण कॅरोलाइन १७८३ च्या शेवटच्या रात्री अंधारात, बर्फावरून धावताना दुर्बिणीच्या लोखंडी आकड्यावर पडली आणि तिच्या पायाला मोठी जखम झाली.

याचं सगळ्यात सुंदर उत्तर एका मेकॅनिकल इंजिनिअरने शोधलं. वाफेचा हातोडा बनवणारे जेम्स नॅस्मिथ यांनी १८४० च्या दशकात २० इंची दुर्बीण बनवली. त्यांनी एक जास्तीचा आरसा लावून प्रकाश थेट आडव्या आसाच्या पोकळीतून बाहेर काढला. दुर्बीण कितीही वर-खाली होवो, नेत्रिका एकाच उंचीवर. बघणारा फिरत्या चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसून राहायचा. आज हवाईच्या केक दुर्बिणींची जड उपकरणं याच नॅस्मिथ फोकसवर बसतात. घरी हे करता येतं, पण एक परावर्तन वाढतं, मधला आरसा मोठा लागतो आणि जुळवणी किचकट होते. पहिल्या दुर्बिणीसाठी नको.

फोन कुठे उपयोगी पडतो?

- स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये वस्तूवर टॅप केलं की उन्नतांश दिसतो. वेळ पुढे-मागे करून ती वस्तू तुमच्या डोळ्याच्या उंचीला कधी येईल ते आधीच काढा.
- फोन नळीवर आडवा ठेवून लेव्हल ॲपने उन्नतांश मोजता येतो. कंपासवर मात्र भरवसा ठेवू नका, जवळच्या लोखंडामुळे तो चुकतो.
- स्क्रीनचा प्रकाश अगदी कमी आणि लाल करा. एक पांढरा मेसेज आला की अर्ध्या तासाची डोळ्यांची सवय जाते.
- दुर्बीण सूर्याकडे कधीच रोखू नका, दिवसा आरसा झाकूनच ठेवा. यात फोनचा संबंध नाही, पण हे कुठेतरी लिहायलाच हवं.

माझ्या दोन दुर्बिणी

१६ इंची पूर्ण झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझा नऊ वर्षांचा मावसभाऊ स्टुलावरून घसरला. पडताना त्याने वरची रिंग पकडली, दुर्बीण फिरली, तो हनुवटीवर आपटला. तीन टाके पडले. नंतर मी स्टुलाला कठडा लावला.

आजीसाठी कठड्याचा उपयोग नव्हता. तिचे गुडघे गेलेत. लहानपणी गावच्या अंगणात मला शुक्र आणि मृग तिनेच दाखवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये गुरू रोहिणीजवळ होता. ७ तारखेला तो प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर होता. आजी साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली की तिचा डोळा ११३ सेंमीवर येतो. सूत्र उलटं लावलं तर उत्तर आलं २२ अंश. खुर्चीवर जाड उशी टाकून २४ पर्यंत जमलं. संध्याकाळी पावणेआठला गुरू तिथे होता. मी खूश झाले. तिने डोळा लावला, "दिसलं हो" म्हणाली आणि खाली गेली.

आठवड्याने बोलता बोलता आईला म्हणाली, "नुसतं उकळतं पाणी दिसलं. पोरीने एवढं केलंय, कसं सांगू?" तिचं बरोबरच होतं. इतक्या खाली बघताना डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ अडीच पट हवा मध्ये येते, त्यात शहराची धूळ आणि तापलेल्या गच्च्या.

मग मी १२ इंची एफ/४.५ करायला घेतली. व्यासावर पाणी सोडलं की प्रकाश जातो: १६ इंचीच्या तुलनेत ४४ टक्के कमी. सात महिन्यांची मेहनत बाजूला ठेवून मुद्दाम लहान दुर्बीण करायची, हे पटायला वेळ लागला. पण चौरंग काढला की त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवरून, उशीशिवाय, आजी ५० अंशांपर्यंत बघू शकते. तिथे हवा फक्त १.३ पट.

जानेवारी २०२६ मधल्या एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मिथुनेतला गुरू ४५ अंशांवर आला. आजी शाल घेऊन बसली. मी शेजारून सांगत होते, "मध्ये मोठा गोल, त्यावर दोन पट्टे, आणि बाजूला चार ठिपके, ते चंद्र." ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चार कुठेत? तीनच आहेत."

मी ॲप उघडलं. चौथा त्या वेळी गुरूच्या मागे होता.

सुरुवात करण्याआधी

- घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्याची उभी आणि बसलेली उंची टेपने मोजा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस विसरू नका.
- नेत्रिकेची डोक्यावरची आणि ३० अंशांवरची उंची कागदावर काढा.
- त्या दोन उंचींवर भिंतीला खुणा करा आणि खुर्ची घेऊन दहा-दहा मिनिटं तिथे डोळा लावून बसा. मान बोलते.
- काच विकत घेण्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करतेय, आणि आयुकाचे लोकांसाठीचे कार्यक्रमही असतात. तिथे आरशाबरोबर बघणाऱ्यांच्या पाठीकडेही लक्ष द्या.

१६ इंची मी मोडली नाही. वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर शहराबाहेर नेते, कठड्याच्या स्टुलासकट. गच्चीवर मात्र १२ इंचीच असते.